अनुभव धागा: कुणाच्या भल्यासाठी तुम्ही कधी जबरदस्ती केलीये का?

गोदाकाठची (धागाकर्ती):
संक्रांत आली की आमच्या सोसायटीत काहीतरी पेटतंच. यंदा एका काकांनी चौथ्या मजल्यावरच्या पोराच्या हातातून नायलॉन मांजाची चक्री हिसकावली आणि गेटपाशी सगळ्यांसमोर जाळून टाकली. पोरगं रडत वर गेलं, बाप खाली आला, आवाज चढले, रात्रीपर्यंत ग्रुपवर सरळ दोन पार्ट्या. एक म्हणते दरवर्षी गळे कापले जातायत, पक्षी तारांवर लटकतायत, बंदी आहे, काकांनी केलं ते बरोबरच. दुसरी म्हणते बंदी आहे तर पोलिसांना फोन लावा, लोकांच्या पोराच्या हातातून वस्तू ओढायचा हक्क तुम्हाला कोणी दिला. (नायलॉन जळल्याचा वास मात्र दोन्ही पार्ट्यांनी सारखाच खाल्ला.)

मांजाचं जाऊ द्या, मला तो हक्कवाला प्रश्न सोडत नाहीये. म्हणून विचारते, स्वतःचा काही फायदा नसताना फक्त समोरच्याच्या किंवा तिसऱ्याच कोणाच्या भल्यासाठी तुम्ही कधी हिसकावलंय, कोंडलंय, फसवून नेलंय, रस्ता अडवलाय, तक्रार करून कोणाचं काम बंद पाडलंय? किंवा तुमच्यावर कोणी असं केलंय? पुढे काय झालं ते लिहा, आणि त्या माणसाशी आज बोलणं आहे का तेही लिहा. दवाखान्यांची, माणसांची नावं नकोत. प्रवचन तर अजिबात नको, ते सोसायटीच्या ग्रुपवर भरपूर मिळतंय.

येवल्याचा पतंग:
आमच्याकडे संक्रांतीला तीन दिवस गाव गच्चीवर असतं. आसारीवर साधा दोरा गुंडाळून उडवणारी आमची पिढी, नायलॉन आलं आणि मजाच गेली. त्या काकांना राग येऊ नये पण पोराच्या हातातून चक्री घेणं सोपंय हो. आम्ही मित्रांनी विकणाऱ्याला धरलं. दुकानाच्या दारात जाऊन उभे राहिलो, गिऱ्हाईक आलं की मोठ्याने विचारायचो, नायलॉन पाहिजे का, हे ठेवतात. शिवीगाळ नाही, हात लावला नाही, पण त्याचा धंदा बसवला हे खरं. त्याच्या बायकोने येऊन आम्हाला खूप ऐकवलं. तो आज बोलत नाही, समोरून आला तर गल्ली बदलतो. मला त्याचं काही वाटत नाही. पुढच्या वर्षी माल दुसऱ्या गल्लीत मिळत होता हेही सांगून टाकतो.

अंगणवाडीची ताई:
मी त्र्यंबककडच्या एका गावात आहे, गावाचं नाव नका विचारू. सोळा वर्षाच्या मुलीचं लग्न धरलं होतं, हळद लागलेली. त्या मुलीला मी ती तीन वर्षाची असल्यापासून ओळखते, माझ्याच काट्यावर वजन झालंय तिचं. आधी बापाला समजावलं, मामाला समजावलं, सरपंचाला सांगितलं, सगळे हो हो म्हणाले आणि मांडव घातला. मग मी १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन केला. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतो हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, ग्रामसेवकालाही कधीकधी आठवण करून द्यावी लागते. तो आला, पोलिस आले, जेवणाच्या पंगती बसायच्या आत सगळं थांबलं. २००६ च्या कायद्यात लग्न लावणाऱ्याला, आईबापाला दोन वर्षापर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड आहे, ते वाचून दाखवल्यावर बाप खालीच बसला. हमीपत्र लिहून घेतलं.

आता पुढचं. फोन कोणी केला हे संध्याकाळपर्यंत गावाला कळलं. पोरं अंगणवाडीत यायची बंद झाली. पोषण आहाराची पाकिटं न्यायला यायचे पण माझ्या हातून नाही, मदतनीस बाईकडून घ्यायचे. आणि मुलगी सगळ्यात जास्त चिडलेली, मला म्हणाली तू माझी अब्रू घालवली. तिची चूक नाही. आईबाप द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडे जातात, मागे वयात आलेली पोरगी कोणाच्या भरवशावर ठेवायची हा त्यांचा खरा प्रश्न होता, लग्न हे त्याचं उत्तर होतं. मी उत्तर काढून घेतलं आणि प्रश्न तसाच ठेवला तर मला शिव्या पडणारच. म्हणून आश्रमशाळेत तिची सोय लागेपर्यंत मी आदिवासी प्रकल्प कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या, फोन करायला दोन मिनिटं लागली होती, याला पावसाळा गेला.

बारावी झाली तिची. त्याच मुलाशी लग्न केलं, अठरा उलटल्यावर. मला बोलावलं नाही. पोटुशी राहिली तेव्हा नाव नोंदवायला माझ्याकडेच आली, गावात अंगणवाडी एकच ना.

कट्टा नाशिक:
ताई वाईट वाटून घेऊ नका पण मग साधलं काय? मुलगा तोच, सासर तेच.

अंगणवाडीची ताई:
सोळाव्या वर्षाचं बाळंतपण आणि विसाव्या वर्षाचं यात काय साधतं ते वजनकाट्यावर दिसतं दादा, आईच्या पण आणि बाळाच्या पण.

पंपावरचा:
माझी केस उलटी आहे. जबरदस्ती ठरवली दुसऱ्यांनी आणि करायला लावली मला. १५ ऑगस्ट २०२१ पासून नाशिकमध्ये नो हेल्मेट नो पेट्रोल सुरू झालं आठवतंय का? मी तेव्हा पंपावर नोझल धरायचो. हेतू चांगलाच होता, डोकं फुटून माणूस मरू नये, कोण नाही म्हणेल. पण गिऱ्हाईकाला नाही म्हणायचं कोणी, तर दिवसाचा पगार घेणाऱ्या पोराने. लोक काय करायचे, रांगेतल्या मागच्याकडून हेल्मेट मागून डोक्यावर ठेवायचे, पेट्रोल घेतलं की परत. एकच हेल्मेट पाच गाड्यांवरून फिरलेलं पाहिलंय मी, घामाने भिजलेलं. एका बहाद्दराने तर बाहेर दहा रुपयाने भाड्याने द्यायला सुरुवात केली, लई चालला धंदा. आमच्यातल्या एकाच्या कानाखाली बसली तेव्हा मालक म्हणाला जाऊ दे, गिऱ्हाईक आहे. मग नियम पाळायचा का नाही? कॅमेरा पण आपल्यावरच.

माझं म्हणणं इतकंच की भलं करायची हौस ज्याला आहे त्याने नोझलपाशी उभं राहावं ना भो. दुसऱ्याच्या गालावर कसली समाजसेवा.

वॉर्ड नंबर सांगत नाही:
मी नर्स आहे, डोक्याच्या मारवाल्या पेशंटमध्ये बरीच वर्षं काढलीत. पंपावरच्या दादा, तुमचं म्हणणं शंभर टक्के पटतं आणि तरी म्हणते ती स्कीम चालायला हवी होती. बावीस वर्षाचा पोरगा आईला ओळखत नाही हे बघितलं की माणूस हुकूमशहा होतो. फक्त पंपावर पोलिस उभा पाहिजे होता, तुम्ही नाही.

सिडकोची सून:
लिहू का नको करत होते. नवरा अंबडला चांगल्या कंपनीत, सुपरवायझर. दारू आधी शनिवारची, मग रोजची, मग सकाळची. समजावणं, रडणं, माहेरी जाणं, मुलांच्या शपथा, सगळं करून झालं. शेवटी दीर आणि मी ठरवलं आणि त्यांना सांगितलं की वणीला जाऊ, गडावर, देवीचं दर्शन घेऊ. त्यांनी आंघोळ केली, नवा शर्ट घातला. गाडी दिंडोरी रोडला लागलीच नाही. कळलं तेव्हा दार उघडायला गेले, दिराने धरून ठेवलं, सिग्नलला बाजूचा रिक्षावाला बघत होता, मी काच वर केली.

आत डॉक्टर होते, नीट तपासलं, कागद केले, घरच्यांना भेटायचे वार ठरलेले होते, त्याबद्दल तक्रार नाही. आता पीत नाहीत. म्हणजे सध्या पीत नाहीत, मी सध्याच म्हणते. पगार घरात येतो, मुलगा वडलांजवळ बसून गणितं सोडवतो. पण त्यांनी एक गोष्ट माफ केलेली नाही. म्हणतात हातपाय बांधून नेलं असतंस तरी चाललं असतं, देवीचं नाव घेऊन का नेलंस. गडावर तेव्हापासून गेलेलो नाही आम्ही, चैत्रात अख्खी गल्ली जाते तरी. मला विचाराल तर परत तीच वेळ आली तर मी परत तेच करीन, देवी बघून घेईल माझं.

नाव नको:
ताई तुमचं वाचलं, म्हणून मी पण लिहितो, मी गाडीत बसवला गेलेला माणूस आहे. रात्री बेल वाजली, चार पोरं, तोंडावर टॉवेल, बायको किचनच्या दारात उभी. शहराबाहेरचं एक केंद्र, नाव सांगत नाही. डॉक्टर मला पहिल्यांदा दिसला तो कितव्या दिवशी ते पण आठवत नाही. फोन नाही, घरच्यांना भेट नाही, आवाज केला की खाटेला बांधायचे, जुने पेशंटच नव्यांना मारायचे. दारू सुटली का, तर सुटली. लोक म्हणतात मग झालं की, कशाला कुरकुर करतो. ह्याच्यावर मला बोलताच येत नाही कारण मी जिवंत आहे हा त्यांच्या बाजूचा पुरावा होऊन बसलाय. बायकोशी बोलणं आहे. तिला तिथं काय चालतं ते माहीत नव्हतं, तिने फक्त पैसे भरले होते. रात्री दहानंतर आमच्याकडे बेल वाजली तर ती उठते, मी नाही.

वॉर्ड नंबर सांगत नाही:
नाव नको, तुमच्या बाबतीत झालं त्याला उपचार म्हणत नाहीत. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आहे, दारूशी संबंधित मानसिक अवस्थाही त्यात येतात. मनाविरुद्ध दाखल करायचं तर कलम ८९ लागतं. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे, किंवा माणूस स्वतःची काळजीच घेऊ शकत नाही, हे दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासून सांगायचं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञच. जास्तीत जास्त ३० दिवस. पुनर्विलोकन मंडळाला ७ दिवसात कळवायचं, बाई किंवा लहान मूल असेल तर ३ दिवसात, आणि पेशंट स्वतः मंडळाकडे दाद मागू शकतो. साखळी तर कुठल्याच परिस्थितीत नाही. सिडकोच्या ताईंनी जे केलं आणि तुमच्यावर जे झालं त्यात गाडीपर्यंतचा भाग जवळपास सारखाच आहे, फरक सगळा दाराच्या आतला. कोणाला न्यायची वेळ आली तर आधी स्वतः एकटं जाऊन ती जागा बघा, सहीचा डॉक्टर कोण ते विचारा, भेटीचे वार विचारा. भेट बंद म्हणाले की तिथूनच परत फिरा.

गोदाकाठची:
दोघांचे आभार मानायला शब्द सुचत नाहीयेत. वाचताना एक लक्षात आलं ते इथेच टाकते. अंगणवाडीच्या ताई त्याच गावात राहिल्या, सिडकोच्या ताई त्याच घरात राहतात, दोघींना रोज त्या माणसाचं तोंड बघावं लागलं. आणि ती टॉवेलवाली चार पोरं पुढच्या घरी बेल वाजवायला गेली असतील. आमच्या काकांना पण लिफ्टमध्ये ते पोरगं रोज भेटणार आहे, बघू.

लाल टोपी, सुरगाणा:
रस्ता अडवण्याचं विचारलं म्हणून. मार्च २०१८ ला शेतकऱ्यांच्या लाँग मार्चमध्ये नाशिकच्या सीबीएस चौकातून निघालो, मुंबईच्या आझाद मैदानापर्यंत, १८० किलोमीटरच्या आसपास. २००६ चा वनहक्क कायदा होऊन बारा वर्षं झाली होती आणि कसतो त्या जमिनीचा कागद हातात नव्हता. शासनाला कोंडीत पकडायचं म्हणूनच गेलो होतो, हात जोडायला नाही, खोटं कशाला बोलू. ११ तारखेला संध्याकाळी सोमय्या मैदानात पोचलो, पायाला फोड, बायांच्या चपला तुटलेल्या. ठरलं होतं की सकाळी निघायचं, हजारो माणसं, मुंबई जाम झाली असती आणि खरं सांगायचं तर आंदोलनाला जामच पाहिजे असतो. पण सोमवारी दहावीचा पेपर होता. मग रात्रीच उठलो आणि अंधारात चालत गेलो, पोरं परीक्षेला निघाली तेव्हा आम्ही मैदानात बसलेलो. झोप कोणाचीच नव्हती झाली. आमच्यातले काही नाराज होते, म्हणाले दबाव घालवला. मला वाटतं त्या रात्रीनेच मुंबई आमच्या बाजूला झाली, सकाळी लोक पाणी, बिस्किटं, चपला घेऊन आले.

१०८ नाही, खासगी:
अँब्युलन्स चालवतो. डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यातबंदी आली आणि हायवेवर ठिकठिकाणी रास्ता रोको झाले, त्यातल्या एकात चांदवडकडून येताना मी अडकलो. बाप स्वतः कांदावाला, चाळीत माल पडून, त्यामुळे अडवणाऱ्यांवर माझा राग असायचं कारण नाही. आणि त्यांनी मला अडवलं पण नाही. सगळे सांगतात ना अँब्युलन्सला वाट दिली, दिली की. जिथं पोरं बसली होती तिथं दिली. पण मी होतो मागे, माझ्यापुढे दोन्ही लेनमध्ये कंटेनर, शोल्डरवर पिकअप घुसलेले, डिव्हायडरपलीकडे तेच. पुढचा ड्रायव्हर इंजिन बंद करून चहा प्यायला गेलेला. सायरन वाजवून करणार काय. शेवटी चार कांदेवालेच उलट पळत आले, एकेका ट्रकवाल्याला उठवून गाड्या तिरक्या करायला लावल्या. पेशंट पोचला, वाचला. तेव्हा त्यांच्यातला एक म्हणाला आता बसायच्या आधी एका बाजूला दोरी बांधून लेन मोकळी ठेवतो, मागे दोन किलोमीटरपर्यंत माणसं उभी करतो. आंदोलन करणाऱ्यांनी हे लिहून ठेवा, वाट देतो म्हणून चालत नाही, वाट मागेपर्यंत राखावी लागते.

काळा कोट:
कायद्याचं थोडं, प्रवचन वाटलं तर उडवा. परोपकारासाठी केलेल्या जोरजबरदस्तीला कायदा सरसकट वाईट म्हणत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम १९, जुन्या दंडविधानातलं ८१, म्हणतं की मोठं नुकसान टाळायला, सद्भावनेने, गुन्ह्याचा हेतू नसताना केलेलं नुकसान गुन्हा ठरत नाही, उदाहरण दिलंय की मोठ्या आगीत ती पसरू नये म्हणून मधली घरं पाडली. आणि कलम ३०, जुनं ९२, त्यातलं उदाहरण आपल्या भागात हमखास पटेल. वाघाने माणूस ओढून नेलाय, तुम्ही गोळी झाडता, ती माणसाला लागून तो मरू शकतो हे माहीत असताना, पण त्याला वाचवायलाच झाडता. गुन्हा नाही. मात्र ह्याला अटी आहेत. संमती घ्यायला वेळच नसावा किंवा तो माणूस संमती द्यायच्या स्थितीतच नसावा. वाघ आत्ता ओढतोय हे महत्त्वाचं. पुढच्या महिन्यात ओढेल म्हणून आज गोळी नाही झाडता येत. मांजावाल्या काकांचं केस म्हणाल तर पोलिसांना फोन करायला भरपूर वेळ होता, आणि तो पोरगा धडधाकट शुद्धीत होता.

पंचवटीतला नातू:
कोणीतरी कान्हेरे आणि जॅक्सन (नाशिकच्या कलेक्टरला गोळी घातली ते) काढणारच म्हणून आधीच लिहितो, धागा तिकडे नेऊ नका, त्यावर दुसरीकडे भांडा. मला काळाराम सत्याग्रहाचं लिहायचंय कारण आजोबा त्यात होते. २ मार्च १९३० ला सुरू झाला, बाबासाहेब होते, इथलं सगळं दादासाहेब गायकवाड बघायचे. चारी दरवाजांसमोर माणसं बसलेली. रामनवमीला रथावरून दगड पडले, डोकी फुटली. आजोबा सांगायचे की मारायचं नाही असं वरून सांगितलेलं होतं आणि हात आवळून बसणं हे मारामारीपेक्षा जड होतं. तरी गावात कोण काय म्हणायचं, तर ही माणसं शांतता बिघडवतात. बसले होते फक्त. म्हणजे बघा, दार बंद करणाऱ्याला कोणी जबरदस्ती म्हणत नव्हतं, दारात बसणाऱ्याला म्हणत होतं. पाच वर्षं चाललं, दार उघडलं नाही, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. पुढे कधीतरी दार उघडल्यावर आजोबांना कोणीतरी आत चला म्हणालं होतं, ते गेले नाहीत.

सावित्री मंडळ, पेठ तालुका:
आमचं लहानच. गावातली दारूची भट्टी बायांनी दोनदा फोडली, दोन्ही वेळा आठवड्यात दुसऱ्या ओढ्याला लागली, वर आमच्यावरच तोडफोडीची तक्रार. बाजूच्या गावात परवान्याचं दुकान होतं तिथं मग मतदानाचा रस्ता धरला, उभी बाटली आडवी बाटली, आडवी म्हणजे दुकान बंद. २५ टक्के बायांच्या सह्या झाल्या की मतदान लागतं, पण मेख अशी की आडवीला मतं पाहिजेत ती एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त, झालेल्या मतदानाच्या नाही. म्हणजे जी बाई द्राक्षावर गेलीये ती दुकानदाराच्या खात्यात. आम्ही तारीख मजुरीचा हंगाम सोडून मागितली, गाड्या लावून बाया आणल्या. बाटली आडवी झाली. दोन नवऱ्यांनी बायकांना घराबाहेर काढलं त्या रात्री, त्या मंडळाच्या खोलीत राहिल्या. हे कुठल्या बातमीत आलं नाही.

इंदिरानगर डावीकडून तिसरी:
अनुभव नाही, अडचण आहे, चालेल का? वरच्या मजल्यावर आजोबा एकटे, ऐंशीच्या पुढचे. शुद्धीत, पेपर वाचतात, हिशोब चोख. पण जेवण सोडत चाललेत, पाय सुजलेत, डॉक्टर नको म्हणतात, म्हणाले मला माझ्या घरात राहू द्या. मुलगा पुण्याला. आम्ही दोघा तिघांनी ठरवलंय की रविवारी सरळ उचलून नेऊ. वाचून आता हात थबकला.

वॉर्ड नंबर सांगत नाही:
नका उचलू. शुद्धीतला माणूस नको म्हणू शकतो. डॉक्टरला घरी न्या, तपासायला नाही, चहाला. पाय सुजलेत म्हणजे हृदय, किडनी, नाहीतर नुसतं बसून बसून, एका नजरेत डॉक्टरला अंदाज येईल आणि तो आजोबांना सांगेल, तुम्ही नाही. बेशुद्ध पडले, बोलण्यात गोंधळ झाला तर मात्र विचारत बसू नका, त्या क्षणी उचला. ज्येष्ठांसाठी १४५६७ हेल्पलाइन आहे, तिथं बोलून ठेवा.

येवल्याचा पतंग:
आणि दादागिरी करायचीच खुमखुमी असेल तर पुण्याच्या पोरावर करा. रोज फोन. ऑफिसच्या वेळेत.

काळा कोट:
सहमत. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा चरितार्थ कायदा आहे, प्रांत अधिकाऱ्याकडे अर्ज होतो, आजोबांना स्वतः जमत नसेल आणि त्यांनी लेखी अधिकार दिला तर शेजारीही करू शकतो. आजोबा सही देणार नाहीत बहुतेक, कोणीच बाप देत नाही. पण असा अर्ज होऊ शकतो एवढं पोराला फोनवर सांगायला सही लागत नाही.

इंदिरानगर डावीकडून तिसरी:
नंबर वॉचमनकडे होता, मिळाला. पहिल्यांदा कट केला. परत लावतोय.